हॅराल्ड ब्लूटूथ: दगडावरचा दावा आणि लाकडाची साक्ष

पाथरवट (धागाकर्ता)

फोनमधल्या ब्लूटूथला एका डॅनिश राजाचं नाव दिलंय, इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. तो राजा कोण, त्यानं केलं काय, असं विचारलं की गाडी 'व्हायकिंग होता ना, ते शिंगांचं शिरस्त्राण?' इथं येऊन अडते. शिंगांचं सोडाच, व्हायकिंग काळातलं तसलं एकही शिरस्त्राण सापडलेलं नाही. आणि हा हॅराल्ड लुटीच्या मोहिमांसाठी गाजलेलाही नाही. त्याचा नाद बांधकामाचा. टेकाडं, पूल, तटबंद्या, किल्ले, आणि एक दगड.

आधी कालपट उरकून घेतो. बाप गोर्म, आई थ्यूरा. गोर्म साधारण ९५८ मध्ये वारला आणि हॅराल्ड गादीवर आला. ९६५ च्या आसपास ख्रिस्ती झाला. ९७० च्या सुमारास नॉर्वेत त्याचा शब्द चालू लागला. ९७४ मध्ये जर्मन सम्राट दुसऱ्या ऑटोनं दक्षिण सीमेवर त्याला चोपला, ९८३ मध्ये गेलेलं परत मिळालं. मग पोटच्या पोरानं, स्वेननं, बंड केलं आणि ९८६ च्या आगेमागे जखमी राजा परमुलखात मेला. जवळजवळ तीस वर्षांची राजवट.

आता दगड. डेन्मार्कच्या युटलंड भागात येलिंग नावाचं छोटं गाव आहे. तिथं दोन मोठी मातीची टेकाडं, मधे चर्च आणि चर्चच्या दारापुढे दोन रूनशिला, म्हणजे रून या जुन्या उत्तरी लिपीत कोरलेले दगड. धाकटी शिला गोर्मनं बायकोसाठी उभारलेली. थोरली हॅराल्डची, तिच्यावरच्या मजकुराचा आशय असा: राजा हॅराल्डनं ही स्मारकं बाप गोर्म आणि आई थ्यूरा यांच्यासाठी करवली, तोच हॅराल्ड, ज्यानं अवघा डेन्मार्क आणि नॉर्वे आपलासा केला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं.

आईबापांच्या नावानं सुरुवात आणि निम्मा मजकूर स्वतःवर. चौकातले फ्लेक्स वाचत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना यात काय चाललंय ते कुणी समजावून सांगायला नको. पण डेन्मार्कमध्ये याच दगडाला देशाचा जन्मदाखला म्हणतात, आणि शाळेपासून तोच इतिहास म्हणून शिकवतात.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो, मग तुम्ही फोडा. हॅराल्डबद्दल तीन प्रकारचे साक्षीदार आहेत. एक तो स्वतः, म्हणजे दगड. दुसरे पाद्री आणि इतिहासकार, त्यातले बरेचसे पुढच्या काळातले आणि प्रत्येकजण कुणाचं तरी मीठ खाल्लेला. तिसरं लाकूड. डेन्मार्कच्या ओल्या जमिनीत ओकचे खांब हजार वर्षं टिकतात आणि त्यांच्या खोडातल्या कड्या मोजून झाड कुठल्या वर्षी तोडलं ते सांगता येतं. गोर्मच्या टेकाडातल्या लाकडी दफनखोलीचं वर्ष ९५८-५९ असं मिळालं ते याच पद्धतीनं. लाकडाला कुणाची बाजू घ्यायची नसते, म्हणून मी त्याच्यावर सर्वांत जास्त विसंबतो. आणि लाकूड जे सांगतं ते दगडाच्या तोऱ्याशी जुळत नाही. राज्याच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांत या माणसानं झपाटल्यासारखं बांधलं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं एका पिढीच्या आत ओस पडलं.

सांजवारा

भारी धागा, वाचनखूण साठवली आहे. शंका: दात खरंच निळा होता का? कुठेतरी वाचलं की ब्लूबेरी खाऊन खाऊन झाला होता.

पाथरवट

@सांजवारा, ब्लूबेरीला कसलाही आधार नाही, ती अलीकडची गंमत आहे. खुद्द टोपणनावच त्याच्या हयातीतलं नाही. ते पहिल्यांदा दिसतं डेन्मार्कमधल्या रॉस्किल शहराच्या एका लॅटिन बखरीत, ११४० च्या सुमारास. राजा मेल्याला तोवर दीडशे वर्षं होऊन गेली होती. त्या काळी 'निळा' आणि 'काळपट' असा काटेकोर भेद नव्हता, त्यामुळे एखादा किडका काळा दात असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात.

फोनवाल्यांची गोष्ट १९९७ ची. इंटेलमधले जिम कार्डाक यांनी हे नाव सुचवलं, तात्पुरतं म्हणून. डेन लोकांना एकत्र आणणारा राजा, तसं संगणक आणि फोन जोडणारं तंत्र, असा हिशेब. दुसरं नाव वेळेत ठरलं नाही आणि हेच चिकटलं. खुणेत हॅराल्डचा ह आणि ब्लोतानचा (ब्लूटूथचं डॅनिश रूप) ब ही दोन रून अक्षरं एकमेकांवर बसवली आहेत. अवांतर संपलं.

आर्हुसकर

इकडेच राहतो, म्हणून जरा जवळून लिहितो. फोटोंमुळे लोकांची कल्पना होते की ही एक उभी चपटी शिळा आहे. प्रत्यक्षात तो तीन बाजूंचा, खाली रुंद आणि वर निमुळता होत जाणारा धोंडा आहे, उंची साधारण अडीच मीटर, वजन दहा टनांच्या घरात. २०११ पासून दोन्ही दगड काचेच्या पेटीत आहेत. त्याच वर्षी कुणीतरी हिरव्या रंगाचा फवारा मारून थोरल्या दगडाची वाट लावली होती, रंग निघाला सुदैवानं.

एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला सापानं वेढलेला एक मोठा प्राणी, तिसऱ्या बाजूला ख्रिस्त. हा ख्रिस्त नीट बघा. हात पसरलेले आहेत पण क्रूस नाही. वेलींसारखे पट्टे त्याच्या अंगाभोवती गुंडाळलेत आणि तो त्यातच उभा. चेहऱ्यावर वेदना वगैरे काही नाही, डोळे टक्क उघडे. डॅनिश पासपोर्टमध्ये हेच चित्र आहे, त्यामुळे इकडच्या माणसांच्या खिशात हॅराल्डची जाहिरात अजून फिरते.

दुसरी गोष्ट, ओळी आडव्या आहेत. इतर रूनशिलांवर अक्षरं उभ्या पट्ट्यात, सापासारखी वर-खाली धावतात. इथं पुस्तकाच्या पानासारख्या एकाखाली एक ओळी. ज्यानं हा दगड आखला त्यानं हस्तलिखित पोथी पाहिलेली होती, हे उघड दिसतं. मूळचा दगड रंगवलेला होता, हेही लक्षात ठेवा. लांबून येणाऱ्याला तो राखाडी दिसत नव्हता.

तर्कटराव

पाथरवट, फ्लेक्सचा मुद्दा पटला, पण अर्धाच. आर्हुसकरांनी मजकूर कुठल्या बाजूवर ते सांगितलं, त्याचा पुढचा भाग मी सांगतो. पहिल्या बाजूवर मजकूर 'ज्यानं डेन्मार्क जिंकला' इथं संपतो. 'अवघा, आणि नॉर्वे' हे प्राण्याच्या पायाखाली, आणि 'डेन लोकांना ख्रिस्ती केलं' हे ख्रिस्ताच्या पायाखाली. म्हणजे एका वाक्याचे तीन तुकडे तीन बाजूंवर. काही अभ्यासकांना वाटतं की शेवटचे दोन दावे मागाहून कोरले.

आता एकेक दावा तपासू. डेन्मार्क 'जिंकला' तो कुणाकडून? बापाकडून वारसा मिळाला होता ना? गोर्मची सत्ता नेमकी कुठवर होती यावर एकमत नाही. युटलंड नक्की त्याच्याकडे, पूर्वेकडची बेटं आणि आज स्वीडनमध्ये असलेला स्कोने बहुधा नाही. तिकडे हॅराल्डनं हातपाय पसरले असं धरलं तर 'जिंकला' शोभतं.

नॉर्वे? तिथला राजा हॅराल्ड ग्राफेल याला युटलंडच्या उत्तरेतल्या लिमफ्योर्ड खाडीपाशी बोलावून मारलं गेलं, ९७० च्या सुमारास. यामागे आपल्या हॅराल्डचा आणि होकॉन या नॉर्वेजियन सरदाराचा हात होता असं सागा, म्हणजे उत्तरेकडच्या जुन्या वीरकथा, सांगतात. मग होकॉन त्याचा मांडलिक म्हणून तिकडे बसला. पण ९७४ नंतर त्यानं खंडणी बंद केली आणि त्याच्यावर ख्रिस्ती धर्म लादायला गेले तर तोही धुडकावला. म्हणजे दगडावरचा नॉर्वे टिकला किती? चार-पाच वर्षं. पश्चिम आणि उत्तर नॉर्वेत तर हॅराल्डचा माणूस नावापुरताच.

आणि ख्रिस्ती केलं हे तर शुद्ध राजकारण. ९६५ मध्ये सम्राट पहिल्या ऑटोनं (दुसऱ्याचा बाप) एक सनद काढली, तीत श्लेस्विग, रिबे आणि आर्हुस या तीन डॅनिश धर्मपीठांना करमाफी दिली. दुसऱ्याच्या राज्यातल्या धर्मपीठांना करमाफी देणारा हा कोण? तर उद्या 'तुझे धर्मगुरू माझे, म्हणून तूही माझा' म्हणायची ती तयारी. हॅराल्डनं स्वतःच बाप्तिस्मा घेऊन त्याच्या हातातलं निमित्त काढून घेतलं. हुशार माणूस. श्रद्धेचा संबंध शून्य.

मीरा_वाचते

शून्य कसा, तर्कटराव? सम्राटाचा दाब होता हे कबूल. पण याबद्दलचा सर्वांत जुना साक्षीदार आहे सॅक्सनीतल्या कोर्वे मठाचा विडुकिंड. त्यानं लिहिलं ९६८ च्या आसपास, म्हणजे घटना अगदी ताजी असताना. तो सम्राटाच्या बाजूचा माणूस, तरी सैन्याच्या धाकानं हॅराल्ड वाकला असं तो म्हणत नाही.

त्याची गोष्ट अशी. राजाच्या मेजवानीत देवांवरून वाद पेटला. डेन म्हणाले, ख्रिस्त देव आहे हे मान्य, पण आमचे देव त्याच्याहून थोर, कारण ते जास्त मोठे चमत्कार दाखवतात. पॉप्पो नावाचा पाद्री म्हणाला, देव एकच, बाकीची भुतं. हॅराल्डबद्दल विडुकिंड लिहितो की तो ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश. त्यानं वाद मिटवला नाही, पॉप्पोला म्हणाला सिद्ध कर. रात्रभर त्याला पहाऱ्यात ठेवला आणि सकाळी जड लोखंड लालबुंद तापवून हातात दिलं. राजा पुरे म्हणेपर्यंत पॉप्पोनं ते धरलं आणि मग हात दाखवला. भाजल्याची खूण नाही! राजानं तिथल्या तिथं ठरवलं की यापुढे ख्रिस्त हाच देव.

चमत्कार बाजूला ठेवा. मला यातला डेन लोकांचा पहिला पवित्रा महत्त्वाचा वाटतो. ख्रिस्त त्यांना परका नव्हताच, त्यांच्या देवांच्या रांगेत तो आधीच येऊन बसला होता. वाद फक्त पहिल्या नंबरचा होता. अशा समाजात राजानं 'आता हा एकच' म्हणणं ही केवळ परराष्ट्र खात्याची चाल राहत नाही. आणि ते वेलींनी वेढलेलं, क्रूस नसलेलं चित्र बघा. समोरच्या माणसाला हा देव आपल्यातलाच वाटावा म्हणून कुणीतरी बराच विचार केलेला दिसतो.

जाता जाता, युद्धात हरवून बाप्तिस्मा घ्यायला लावला आणि सम्राट स्वतः स्वेनचा धर्मपिता झाला, ही गोष्ट शंभर वर्षांनंतरच्या, जर्मनीतल्या ब्रेमेनच्या आडाम या पाद्री इतिहासकाराची. ब्रेमेनच्या आर्चबिशपला उत्तरेच्या चर्चवर हक्क सांगायचा होता, त्यामुळे आडामला ती सोयीची.

पाथरवट

मीराताई, जबरदस्त. एक पुरवणी जोडतो. बाप जुन्या पद्धतीनं टेकाडात पुरलेला आणि पोरगा ख्रिस्ती झालेला, ही अडचण हॅराल्डनं कशी सोडवली असेल? उत्तरेकडचं टेकाड १८२० मध्ये उघडलं तेव्हा आत लाकडी खोली होती, चांदीचा एक छोटा पेला होता, प्रेत नव्हतं. दक्षिणेकडचं टेकाड १८६१ मध्ये खुद्द डॅनिश राजा सातव्या फ्रेडरिकनं खणून घेतलं. तिथं कबरच नाही! नुसता मातीचा डोंगर. पुढे १९७० च्या दशकात चर्चच्या जमिनीखाली एका मध्यमवयीन पुरुषाची विस्कटलेली हाडं आणि सोन्याच्या तारा सापडल्या. गोर्मला टेकाडातून काढून चर्चमध्ये आणलं, असा बहुतेकांचा अंदाज. सगळ्यांना मान्य नाही, पण २००० साली ती हाडं राणी मार्गरेटच्या उपस्थितीत पुन्हा समारंभानं पुरली गेली.

थोडक्यात, मेलेल्या बापाचंही धर्मांतर करून घेतलं. हे निव्वळ राजकारण म्हणता येईल का? मला नाही येत.

थोरली

सगळे बाप-लेक-सम्राट करताय. आईचं काय?

धाकट्या दगडावर गोर्म थ्यूराला 'डेन्मार्कचा अलंकार' म्हणतो, आणि डेन्मार्क हे नाव खुद्द डेन्मार्कमध्ये कोरलेलं पहिल्यांदा तिथंच दिसतं, हे सांगतात. पण थ्यूरा हे नाव दोन नाही, चार रूनशिलांवर आहे. येलिंगच्या दोन, शिवाय लेबोर्ग आणि बेक्के या गावांतल्या दोन. या दुसऱ्या जोडीवर राव्हनुंगे-तूए नावाचा माणूस तिला मानानं आठवतो. ती थ्यूरा आणि ही थ्यूरा एकच का, यावर बरीच वर्षं वाद होता. २०२३ मध्ये दगडांची त्रिमितीय तपासणी झाली. छिन्नीच्या घावांची खोली, कोन, लय यावरून संशोधक म्हणाले की लेबोर्गचा दगड आणि हॅराल्डचा थोरला दगड एकाच हातानं कोरले आहेत, याच तूएच्या. म्हणजे थ्यूरा एकच असण्याची शक्यता फार वाढली. त्या काळच्या डेन्मार्कमध्ये इतक्या शिलांवर नाव असलेली दुसरी व्यक्ती नाही, राजेही नाहीत.

याचा अर्थ लावा. गोर्मचं मूळ कुठलं ते धड माहीत नाही. हॅराल्ड आईचं नाव ठळक का कोरून घेतो? कारण युटलंडमधल्या लोकांवर हक्क सांगायला तिचं घराणं कामाचं होतं. माझा तरी हाच तर्क.

पुढच्या काळच्या लेखकांनी तिला दक्षिण सीमेवरची डानेविर्क तटबंदी बांधणारी राणी करून टाकलं. ती तटबंदी तिच्याआधी दोन-तीनशे वर्षं तरी उभी होती. म्हणजे श्रेय दिलं तेही चुकीचं!

आणि सून राहिली. हॅराल्डची बायको तोवे, ओबोद्रित या स्लाव्ह लोकांच्या मिस्तिवोय राजाची मुलगी. तिनं आपल्या आईसाठी दगड उभारला, तो सेनर व्हिसिंगच्या चर्चमध्ये आहे. त्यावर नवऱ्याचं वर्णन 'गोर्मचा मुलगा, हॅराल्ड भला' असं. निळ्या दाताचा उल्लेख बायको तरी कशाला करेल म्हणा.

तर्कटराव

थोरली, हे मिस्तिवोयचं फार कामाचं काढलंत. ९८२ मध्ये दुसरा ऑटो इटलीत अरबांकडून सपाटून हरला, ९८३ मध्ये स्लाव्ह उठले, सासरेबुवांनी हाम्बुर्ग जाळलं आणि त्याच वर्षी डेन लोकांनी सीमेवरचा जर्मन किल्ला उद्ध्वस्त केला. जावई-सासऱ्यांचं ठरवून झालं नसेल तर मी नाव बदलतो.

किल्लेदार

चला, आता माझ्या प्रांतात आलो.

सन १९३३. झीलंड बेटावर स्लागेल्सेजवळ ट्रेलेबोर्ग नावाची एक गोल बांधासारखी जागा. तिथल्या मोटरसायकल क्लबला वाटलं, शर्यतीला झकास मैदान आहे, वापरू द्या. अर्ज झाला आणि राष्ट्रीय संग्रहालय जागं झालं. खणायला घेतलं तर आत निघाला एक भूमितीचा तुकडा. बिनचूक वर्तुळाचा तट, आतला व्यास १३६ मीटर. चार दिशांना चार दरवाजे, त्यांना जोडणारे दोन रस्ते मधोमध काटकोनात छेदणारे. चारही चौकांत चार-चार लांबोळी घरं, चौकोनी मांडणीत, सगळी एकाच मापाची.

मग तसेच आणखी सापडत गेले. फ्युर्कात, व्यास १२० मीटर. लिमफ्योर्डच्या काठी आगर्सबोर्ग, तब्बल २४० मीटर आणि ४८ घरं. ओडेन्से शहराखाली गाडलेलं नोनेबाकेन. आणि २०१४ मध्ये कोपनहेगनच्या दक्षिणेला बोर्गरिंग. या पाचांना २०२३ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला.

सुरुवातीला सगळ्यांनी ठरवून टाकलं की या स्वेनच्या छावण्या, इंग्लंडवर स्वारी करायला फौज इथं तयार केली. वीरश्रीची गोष्ट, सगळ्यांना आवडली. मग पाथरवट म्हणतात ते लाकूड बोललं. ट्रेलेबोर्गची झाडं ९८० च्या शरदापासून ९८१ च्या वसंतापर्यंत तोडलेली. म्हणजे हॅराल्डचं काम, आणि इंग्लंडच्या मोठ्या मोहिमांच्या कितीतरी आधीचं.

बरं, मग कशासाठी? 'ऑटोच्या भीतीनं' हे उत्तर मला अपुरं वाटतं. ऑटो दक्षिणेकडून जमिनीवरून येणार. आगर्सबोर्ग पार उत्तरेला. सीमेपाशी तर एकही नाही. हे किल्ले देशाच्या आत, पाण्याच्या आणि रस्त्यांच्या वाटांवर आहेत. तोंड बाहेर नाही, आत आहे. आपल्याच सरदारांवर नजर ठेवायला बांधलेत, असं माझं मत.

ट्रेलेबोर्गच्या दफनभूमीतल्या हाडांची रासायनिक तपासणी झाली आहे. माणूस लहानपणी कुठल्या मातीतलं खाऊन वाढला ते दातांतल्या स्ट्रॉन्शियमवरून कळतं. तपासलेल्यांतले जवळजवळ निम्मे डेन्मार्कबाहेरचे निघाले. आपल्या लोकांवर पहारा ठेवायला परके सैनिक. यावरून काय ते समजा.

फ्युर्कातच्या दफनभूमीत एक बाई सापडली आहे, गाडीच्या साट्यात पुरलेली, जवळ लोखंडी दांडा आणि खुरासनी ओव्याच्या विषारी बिया. जुन्या धर्मातली भविष्य सांगणारी असावी. ख्रिस्ती राजाच्या किल्ल्यात, ९८० च्या दशकात! मीराताई, 'डेन लोकांना ख्रिस्ती केलं' याचा हिशेब यात धरा.

मीरा_वाचते

धरला. राजानं केलं म्हणून एका पिढीत सगळे झाले असं मी कुठे म्हटलं? पण मुद्दा छान, ती बाई मला माहीत नव्हती.

आर्हुसकर

येलिंगपासून दहाएक किलोमीटरवर राव्हनिंग एंगे इथं याच काळचा पूल होता. वायले नदीच्या दलदलीवरून थेट ७६० मीटर लांब, पाच मीटर रुंद, ओकचा. झाडं ९८० च्या सुमारास तोडलेली. इतका लांब पूल डेन्मार्कमध्ये पुढे विसाव्या शतकापर्यंत झाला नाही. आणि दुरुस्तीची एकही खूण नाही. एकदा बांधला, काही वर्षं वापरला, सोडून दिला. किल्ल्यांचंही तेच, घरांचे खांब कधी बदललेले दिसत नाहीत.

येलिंगलाही टेकाडांभोवती लाकडी कुंपण होतं, २००६ नंतर सापडलं. साडेबारा हेक्टरांच्या घरात जागा वेढलेली. शिवाय जहाजाच्या आकारात उभे केलेले दगड, साधारण साडेतीनशे मीटर लांब, आजवर सापडलेल्यांत सर्वांत मोठं दगडी जहाज.

तर्कटराव

म्हणजे बेरीज करा. पूल, पाच किल्ले, दोन टेकाडांपैकी एक रिकामं, कुंपण, शिवाय डानेविर्कची डागडुजी. हजारो ओक, आणि ते तोडणारे, ओढणारे, तासणारे हात. वेठ. शेतकऱ्याला पेरणी सोडून खांब ओढायला लावला की बंडाला वेगळं कारण लागत नाही. ९८० ला बांधकाम, ९८६ ला राजा परागंदा.

पाथरवट

हेच मला म्हणायचं होतं, आणि साक्सो या डॅनिश इतिहासकारानं ते सव्वादोनशे वर्षांनी गोष्टीत गुंफलंय. साक्सोचा तपशील इतिहास म्हणून घेऊ नका, पण लोकांच्या डोक्यात काय उरलं ते त्यात दिसतं. त्याच्या मते हॅराल्डला आईच्या टेकाडासाठी किनाऱ्यावरचा एक अजस्र खडक हवा होता. ओढायला बैल कमी पडले म्हणून सैनिकांना जुंपलं. त्या ओढाओढीत एक माणूस तिथं आला. राजानं त्याला ऐटीत विचारलं, माणसांनी इतकं वजन ओढलेलं कधी पाहिलंस का? तो म्हणाला, याहून जड ओढलेलं नुकतंच पाहून आलोय. स्वेन तुझ्या हातून डेन्मार्क ओढून नेतोय.

सांजवारा

आईशप्पथ! मग मेला कसा ते सांगा आता, फार ताणलंत.

पाथरवट

तीन कथा आहेत, आणि सांगणारा कोण ते आधी बघायचं.

पहिली, १०४१-४२ च्या सुमाराची, इंग्लंडची राणी एम्मा हिच्यासाठी लिहिलेल्या प्रशस्तीतली. एम्मा म्हणजे स्वेनच्या मुलाची, कनूटची विधवा. त्यामुळे तिथं बाप मत्सरी आणि पोरगा लोकप्रिय. बापानंच पोराला गादीपासून दूर ठेवायचं ठरवलं, लढाई झाली, बाप जखमी होऊन स्लाव्हांकडे पळाला आणि तिथं मेला.

दुसरी ब्रेमेनच्या आडामची, १०७५ च्या सुमाराची. त्याच्याकडे हॅराल्ड जवळजवळ हुतात्मा. जुन्या धर्माकडे झुकलेल्या पोरानं बंड केलं, धर्मनिष्ठ राजा जखमी झाला, जहाजानं युम्ने या स्लाव्ह शहरात गेला, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या वोलिनला. तिथं १ नोव्हेंबरला वारला आणि त्यानंच उभारलेल्या रॉस्किलच्या चर्चमध्ये त्याला आणून पुरलं. आडामची बरीच माहिती डॅनिश राजा स्वेन एस्ट्रिडसेनकडून आलेली, म्हणजे बंडखोर स्वेनच्या सख्ख्या नातवाकडून. तरीही बंडखोर वाईटच! आर्चबिशपचं पारडं जड पडलं म्हणायचं.

तिसरी साक्सोची, सांजवाऱ्यासाठी खास. तोके नावाचा तिरंदाज दारूच्या भरात बढाई मारतो की काठीवरचं सफरचंद मी पहिल्या बाणात टिपतो. राजा म्हणतो, काठी कशाला, तुझ्याच पोराच्या डोक्यावर ठेवू. तोके बाण सोडतो, सफरचंद फुटतं, पोर वाचतं. भात्यातून आणखी बाण का काढले होतेस? पहिला चुकला असता तर तुझ्यासाठी. (विल्यम टेलच्या गोष्टीची ही आधीची नोंद, निदान अडीचशे वर्षं जुनी.) पुढे बंडाच्या वेळी राजा झुडपात शौचाला बसलेला असताना हाच तोके बाण मारतो. त्या जखमेनं राजा वोलिनला जाऊन मरतो.

तिन्हींत समान काय? पोराचं बंड, जखम, स्लाव्हांकडे आसरा, परमुलखात मरण. मी एवढंच खरं धरतो. कारण एम्माच्या लेखकाला आणि आडामला एकमेकांचं भलं करायचं कारण नव्हतं, तरी त्यांचं इथं जमतं.

किल्लेदार

बोर्गरिंगच्या उत्तर आणि पूर्व दरवाजांचे खांब जळालेले निघाले. २०१६ मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी चक्क पोलिसांच्या आगतज्ज्ञाला बोलावून पंचनामा करवला. हजार वर्षं जुन्या जाळपोळीची चौकशी! बंडातली आग असेल का? मोह फार होतो, पण स्वेनच्या माणसांचं नाव घेण्याइतका पुरावा नाही.

सांजवारा

आणि त्याचा सांगाडा? रॉस्किलला आहे का?

आर्हुसकर

रॉस्किलच्या आजच्या कॅथेड्रलमध्ये त्याची हाडं म्हणून दाखवता येईल असं काहीही नाही. जुनं लाकडी चर्च केव्हाच गेलं.

पोलंडमधून एक दावा अधूनमधून येतो. वोलिनजवळच्या व्येइकोवो गावातून मिळालेली एक सोनेरी गोल चकती २०१४ मध्ये प्रकाशात आली. तीवर लॅटिन अक्षरांत गोर्मपुत्र हॅराल्ड, डेन लोकांचा राजा, स्कोने, युम्ने अशी नावं. तिच्या जोरावर कबरही त्याच गावात असल्याचं काहीजण सांगतात. चकती अस्सल का, यावरच तज्ज्ञांत वाद आहे, त्यामुळे मी हात आखडता घेतो.

त्यापेक्षा जर्मनीच्या रूगेन बेटावरचा ठेवा भक्कम. २०१८ मध्ये तिथं हौशी शोधक आणि एका शाळकरी मुलाला आधी एक नाणं सापडलं, मग रीतसर उत्खननात सहाशेच्या आसपास नाणी, गोफाचे गळ्यातले, थोरच्या हातोडीचं पदक. शंभरहून जास्त नाणी हॅराल्डच्या काळातली, त्यानं पाडलेली क्रूसाची नाणी. ९८० च्या दशकात पुरलेला ठेवा. त्याच्या पळून जाणाऱ्या माणसांपैकी कुणी पुरला असेल, असा अंदाज.

थोरली

क्रूसाची नाणी आणि थोरची हातोडी एकाच गाठोड्यात. तर्कटराव आणि मीराताई, घ्या, दोघींना-दोघांना पुरेल एवढा पुरावा.

तर्कटराव

:) मान्य, शून्य मागे घेत नाही पण दोन टक्के श्रद्धा द्यायला तयार आहे.

एक प्रश्न पाथरवटांना. एवढं बांधलेलं ओस पडलं, तर मग त्याच्या राजवटीतून उरलं काय?

पाथरवट

चर्च उरलं. स्वेननं बंड केलं पण धर्म फिरवला नाही, आडाम काहीही म्हणो. सीमा उरली, दक्षिणेची. आणि बापाच्या किल्ल्यांचा खर्च पोरानं बंद केला, पैसा दुसरीकडून आणला: इंग्लंडच्या खंडणीतून. १०१३ च्या नाताळात स्वेन इंग्लंडचा राजा झाला, फेब्रुवारी १०१४ मध्ये मेला, आणि १०१६ मध्ये हॅराल्डचा नातू कनूट तिथं बसला. देशातल्या देशात माणसं जुंपून राज्य बांधायचा हॅराल्डचा मार्ग महाग पडला, पोरानं स्वस्त मार्ग शोधला. इंग्रजांना तो स्वस्त वाटला नसेल, ते वेगळं.

स्वेनवर लिहायचं तर इंग्लंडच्या खंडणीचे आकडे आणि १००२ चं डेन लोकांचं हत्याकांड घ्यावं लागेल, तो स्वतंत्र धागा होईल. किल्लेदार, त्यात आगर्सबोर्गवर तुम्ही सविस्तर लिहा, ४८ घरांत माणसं किती मावत असतील हा हिशेब अजून राहिलाय.

किल्लेदार

लिहितो. दिवाळीनंतर. 'पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत' म्हणून ठेवा.